पूर्ण ओळीचे रशीदभाऊ

तान्ह्या पोळ्यानंतरचा सोमवार: तलावात मासेमारीच्या परवान्यासाठी सीताबाईंचा अर्ज. दसऱ्याचा आदला दिवस: "अर्जदार मयत" असे लेखी उत्तर, जबाबदार, नायब तहसीलदार. दिवाळीनंतरचा मंगळवार: रशीदभाऊंचे फंक्शन संगणकातून काढून जुने बसवण्याचा आदेश, जबाबदार, तेच.

रशीदभाऊ आमच्या तालुका कचेरीतले संगणकचालक. त्यांना एक विचारावे, तर पाच गोष्टी कळतात. धानोऱ्याची बस केव्हा, असे मी एकदा विचारले. "साडेचारले. डायवर नवा, मागची काच फुटकी, डाव्या बाजूले ऊन, आन् छत्री तुम्ही इथीच विसरून राह्यले." वर त्यांचे पालुपद: "एका रकान्यात माणूस मावत नाई, भाऊ."

फंक्शन म्हणजे संगणकाला शिकवून ठेवलेला प्रश्न. जुन्या फंक्शनला नाव दिले की ते एकच शब्द परत करी: हयात किंवा मयत. गावात सीताबाई दोन. संगणकाला वारलेली आधी सापडली आणि तो तिथेच थांबला. म्हणून रशीदभाऊंनी नवे फंक्शन रचले. नाव द्या, त्या नावाच्या सगळ्या ओळी बाहेर, आणि प्रत्येक ओळीत नवरा, वय, टोली म्हणजे वस्ती, हयात-मयत असे सारे रकाने. छापताना कागदाची रुंदी अपुरी पडली, तेव्हा त्यांनी दोन कागद खळीने जोडले.

नायब तहसीलदार म्हणाले, "हे फायलीत मावत नाही. उत्तर एका शब्दात द्या."

सीताबाई दारातच तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत उभ्या होत्या. "मेली त कागद लहान, जित्ती त लांब. काऊन जी साहेब?"

उत्तराऐवजी आदेश निघाला. मी अपील करायचे ठरवले आणि नवे फंक्शन निघण्याआधी पुरावा म्हणून माझीच ओळ छापून मागितली. रशीदभाऊ टाळू लागले. "तुमची कायले पायजे, भाऊ?" मी नियम ऐकवला; कागद निघाला. शेवटी एक रकाना होता, कोणत्याही परिपत्रकात नसलेला, फक्त एकट्या राहणाऱ्यांसाठी भरलेला: "चार दिवस दिसले नाई त पाहून येणारा." माझ्यापुढे लिहिले होते, रशीद. सीताबाईंपुढेही रशीद.

मग मी त्यांची स्वतःची ओळ काढायला लावली. तेही एकटेच. तिथे तो रकाना कोरा होता. मी त्यात शाईने माझे नाव लिहिले आणि तारखेसह सही केली.

नायब तहसीलदारांनी येत्या ग्रामसभेत, सर्वांसमोर उभे राहून सांगावे: सीताबाई हयात आहेत की मयत, आणि हा रकाना ते कोणत्या कलमाखाली पुसणार आहेत?