बापटकाकांचे स्टीलचे वाळे

बारशाला आलेल्या माणसाने आधी बाळाकडे बघावं. आमचे बापटकाका आधी वाळ्यांकडे बघायचे. खिशातून लोहचुंबक काढायचे, बाळाच्या पायाशी धरायचे आणि बाळाच्या आजीला नीट ऐकू जाईल अशा बेताने म्हणायचे, "चिकटत नाही. म्हणजे चांदी. रिजेक्ट!"

"आणि तुमचं स्टील चिकटतं वाटतं?"

"छे! चांगलं स्टीलही चिकटत नाही."

"मग चुंबक कशाला फिरवता हो?"

"सवय."

विश्रांतवाडीत आम्ही एकाच जिन्यावर राहायचो. काका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होते. कारखान्याने स्वेच्छानिवृत्ती नावाची सक्ती केली, त्या जागेवर काचेच्या इमारती उठल्या आणि तसल्याच एका इमारतीत काकांचा निखिल संगणकापुढे बसला. काकांमधला इन्स्पेक्टर मात्र निवृत्त व्हायला तयार नव्हता. शेजारणीचे पोहे ते "रीवर्क" म्हणून परत पाठवायचे. काकू गेल्यावर घरात नापास करायला कोणी उरलं नाही, तेव्हा अख्खी सोसायटी त्यांच्या तपासणीखाली आली.

मी तेव्हा लग्न-बारशांतल्या थाटाविरुद्ध पत्रकं वाटायचे. अजूनही वाटते, थाट वाढलाय, वाचणारे घटलेत. आयटीचा पहिला पगार घरात आला की पाहुण्यांना चांदीची निरांजनं वाटायची, या निर्लज्जपणाचा मला संताप यायचा. काकांना माझी पत्रकं आवडायची, पण दुरुस्तीसह.

"क्रांतिबाई, 'दागिने नकोत' हे खोडा. 'चांदी नको, स्टील वापरा' असं छापा."

"काका, हा समतेचा प्रश्न आहे!"

"मग स्टीलहून समतावादी काय आहे? हॉटेलातला चमचा तोच, सर्जनची सुरी तीच. घासायला नको, जपायला नको. चांदी म्हणजे नुसती मनधरणी."

जिन्यात तासन्‌तास हा वाद चालायचा. कोणीतरी मधेच चहा आणून द्यायचं, तोही रिजेक्ट व्हायचा. आता तिथे लिफ्ट आली आहे. माणसं मुकाट चढतात, मुकाट उतरतात.

पुढे निखिलला मुलगी झाली. तो आणि मुक्ता, म्हणजे काकांची सून, वाघोलीच्या नव्या फ्लॅटमध्ये राहत. सणावाराला बोलावत, काका जात, जेवत, परत येत. एरवी जायला त्यांच्यापाशी कारण नसे आणि विनाकारण मुलाकडे जाणं त्यांच्या तत्त्वात बसत नसे. नातीसाठी मात्र त्यांनी एका मित्राच्या वर्कशॉपमध्ये बसून स्टीलचे वाळे घडवले. "शस्त्रक्रियेत माणसाच्या हाडात घालतात, ते स्टील आहे हे!" कडा कुठे बोचत नाहीत ना, हे ते स्वतःच्या गालावरून फिरवून बघायचे.

बारशाला त्यांनी मला सोबत नेलं. "व्याही चांदी आणणार. तू बोल. माझे वाळे पोरीच्या पायात गेले पाहिजेत, बस्स."

व्याह्यांनी चांदीचे वाळे आणलेच. मी उभी राहिले आणि दिखाऊ समाजापासून सुरुवात केली. मुक्ता म्हणाली, "अगं, भाषण कशाला? बाबांचे स्टीलचेच घालू या की."

इथे घोटाळा झाला. वाळ्याच्या दोन टोकांत काकांनी फट ठेवली होती. पण पाय आत जायला ती फट फाकवावी लागते. चांदी बोटांनी फाकते. हे स्टील मुक्ताने ओढलं, निखिलने ओढलं, व्याह्यांनी दात-ओठ खाऊन ओढलं. हलेना.

"पक्कड आणा हो कुणीतरी!" मागून आवाज आला आणि सगळे हसले. मी पत्रकं पिशवीत कोंबली.

काका हसले नाहीत. त्यांनी व्याह्यांचा चांदीचा वाळा उचलला, थंड लागू नये म्हणून थोडा वेळ मुठीत धरला, अंगठ्यांनी हलकेच फाकवला, नातीच्या पायात सरकवला आणि तसाच मिटवला. मग आत करंगळी घालून जागा राहिलीय ना ते पाहिलं. पोर झोपेतून हललीसुद्धा नाही.

"मला नाही हं जमायचं असं," मुक्ता म्हणाली. "आणि पाय वाढला की सैल करावे लागतील ना? बाबा, महिन्याने याल?"

काकांनी मान डोलावली.

परतीच्या बसमध्ये ते बोटांवर काहीतरी मोजत होते. येरवडा आल्यावर एकदम म्हणाले, "क्रांतिबाई, महिनाभरात बाळाचा पाय किती वाढतो?"

"मला काय माहीत, काका?"

"बराच वाढत असणार." ते खिडकीबाहेर बघत राहिले. "महिन्याने तपासून चालायचं नाही. दर रविवारी जावं लागेल."