सकाळी दहाची घंटी

माझी ओळख करून द्यायची खरं तर गरज नाही, पण ती आहे असं सगळ्यांच्या चेहऱ्यावर दिसतं म्हणून सांगतो. मी गुप्तहेर आहे. इतका गुप्त, की गेल्या सहा वर्षांत एकही अशील माझ्यापर्यंत पोहोचू शकलेलं नाही. नजर घारीची, स्मरणशक्ती अफाट, आणि चाल मांजरीची. डावा गुडघा चालताना कुरकुरतो, त्यामुळे मांजर येतंय हे लोकांना थोडं आधी कळतं, इतकंच.

माझं कार्यालय आमच्या घराच्या पॅसेजमध्ये, बुटांच्या कपाटाशेजारी आहे. तिथे एक टेबल, एक भिंग, एक वही आणि घरचा टेलिफोन असतो. सहायक म्हणून बायको आहे. ती सकाळी नऊला ग्रंथालयात नोकरीवर जाते आणि संध्याकाळी सहाला परत येते. ती माझी सहायक आहे हे मी तिला अजून कळवलेलं नाही, कारण योग्य वेळ आलेली नाही.

त्या दिवसांत मी एका भयंकर प्रकरणात गुंतलो होतो. आठवडाभर रोज सकाळी दहाच्या ठोक्याला माझा टेलिफोन वाजत होता. दहाला एक मिनिट कमी नाही की जास्त नाही. वीस-पंचवीस वेळा घणघणायचा आणि बंद पडायचा. मी समोर खुर्चीत बसून, श्वास रोखून, घंट्या मोजायचो.

"मग उचलत का नाही?" बायकोने विचारलं.

"त्याला तेच हवंय."

"कोणाला?"

"जो करतोय त्याला."

"अहो, फोन करणाऱ्याला समोरच्याने उचलावा असंच वाटतं. सगळ्यांनाच वाटतं."

सामान्य माणसाची विचारसरणी अशी असते. माझा तर्क वेगळा होता. रोज ठरावीक वेळी फोन करणारा माणूस घड्याळाचा गुलाम असतो. घड्याळाचा गुलाम कोण असतो? तुरुंगातून नुकताच सुटलेला कैदी. म्हणजे मी पकडून दिलेला कोणीतरी सूड घ्यायला परतला होता. मी आजवर कोणालाच पकडून दिलेलं नाही ही यातली एक बारीकशी अडचण होती, पण बारीकसारीक अडचणींनी मी डगमगत नाही.

आठव्या दिवशी सकाळी नऊला दारावर थाप पडली. दारात आत्याकडच्या कामवाल्या मावशी उभ्या होत्या.

"आजींनी बोलावलंय. लगेच या म्हणाल्या."

"प्रकरण काय आहे?"

"ते त्या सांगतील. मी तिकडेच निघालेय, माझी फरशी व्हायची आहे."

माझी मोठी आत्या आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे एकटी राहते. वय अठ्ठ्याहत्तर, डोळे जवळजवळ गेलेले, आवाज मात्र शाबूत. तिची धाकटी बहीण, म्हणजे माझी धाकटी आत्या, दुसऱ्या गावाला असते. त्या दोघी रोज सकाळी दहा वाजता फोनवर बोलतात. नियम असा, की फोन मोठीने करायचा आणि धाकटीने उचलायचा. घरात फोन आल्यापासून हा नियम कोणी मोडलेला नाही. तो बदलण्यात दोघींनाही कमीपणा वाटतो.

मोठ्या आत्याला आकडे दिसत नाहीत, म्हणून चार वर्षांपूर्वी तिच्या टेलिफोनमध्ये नंबर साठवून देण्याचं नाजूक तांत्रिक काम मीच केलं होतं. यंत्राच्या उजव्या कडेला बटणांची उभी रांग आहे. आधी साठवणीचं बटण दाबायचं, मग नंबर फिरवायचा, मग रांगेतलं हवं ते बटण दाबायचं, आणि टुंग असा आवाज आला की काम फत्ते. पहिल्या बटणात मी धाकट्या आत्याचा नंबर भरला. हाताला कळावं म्हणून आत्याने त्यावर जखमेवर लावायच्या चिकटपट्टीचा एक तुकडा डकवला. दुसऱ्या बटणात मी एका अत्यंत भरवशाच्या, हाकेसरशी धावून येणाऱ्या व्यक्तीचा नंबर भरला. विनयापोटी नाव सांगत नाही. चार वर्षांत आत्याला ते बटण दाबावं लागलं नाही, यावरून मी तिचं आयुष्य किती सुरक्षित करून ठेवलं होतं ते समजेल. नंबरांची जुनी वही तिने त्याच दिवशी रद्दीत टाकली. "बटणात आहे ना सगळं," ती म्हणाली होती.

मी पोहोचलो तेव्हा आत्या फोनजवळच्या खुर्चीत बसली होती. चेहरा उतरलेला.

"ती फोन उचलत नाही रे," ती म्हणाली. "आठ दिवस झाले. घंटी वाजत राहते, पण उचलत नाही."

"शेवटचं बोलणं कधी झालं?"

"भांडण झालं तेव्हा."

मी कान टवकारले. भिंग काढलं. भांडणाला भिंगाचा उपयोग नसतो, पण हातात काहीतरी असलं की सुचतं.

"काचेची फुलदाणी होती आमच्याकडे, लहानपणी," आत्या म्हणाली. "फुटली. मार तिला बसला. त्या दिवशी सहज बोलता बोलता ती म्हणाली, फुलदाणी तर तूच फोडली होतीस. हसून म्हणाली रे. पण मला राग आला. मी फोन आपटला."

"आणि खरं कोणी फोडली?"

आत्याने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मीच," ती म्हणाली. "सहासष्ट वर्षं झाली. तिला हेच सांगायचंय. पण सांगू कोणाला? ती उचलतच नाही. आणि मी सांगून ठेवते, आजचा एक आणि उद्याचा शेवटचा. उद्याही नाही उचलला, तर मी पुन्हा कधी लावणार नाही. समजेन, तिला मी नकोय."

मला कसंतरीच झालं. गुप्तहेराला कसंतरी होऊन चालत नाही, म्हणून मी तपासाला लागलो.

दहा वाजले. आत्याने बोटांनी चाचपून चिकटपट्टी शोधली आणि बटण दाबलं. मी रिसीव्हरला कान लावला. पलीकडे घंटी वाजत होती. वाजत होती, वाजत होती, आणि कोणी उचलत नव्हतं. मी डोळे मिटून त्या आवाजाचं पृथक्करण केलं.

"ही घंटी रिकाम्या घरातली आहे," मी जाहीर केलं. "घरात चिटपाखरू नाही. घरमालक बाहेर गेलाय, आणि तोही घाईघाईने."

हा माझ्या कारकिर्दीतला सर्वांत अचूक निष्कर्ष होता, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

"म्हणजे तिला काही झालं की काय?" आत्याचं धाबं दणाणलं.

"अपहरण," मी म्हणालो, पण तिचा चेहरा पाहून लगेच ते मागे घेतलं आणि दुसरा तर्क पुढे केला. वायरीत फेरफार! मी स्टुलावर चढलो आणि वायरीचा माग काढत कपाटामागे घुसलो. तिथे विणकामाची एक सुई, दोन बटणं आणि चष्म्याची एक काच मिळाली.

"अगंबाई, काच!" आत्या म्हणाली. "तीन वर्षं शोधतेय."

एक प्रकरण तिथल्या तिथे निकालात निघालं. मग मी यंत्राची बारकाईने तपासणी केली आणि वहीत नोंदी केल्या. यंत्र: काळं. वायर: शाबूत. धूळ: नाही, संशयास्पद स्वच्छता. दुसऱ्या बटणावर चिकटपट्टी, बिनमहत्त्वाचं.

संशयास्पद स्वच्छता म्हटल्यावर संशयाची सुई मावशींकडे वळणं भागच होतं.

"मावशी, आज सकाळी दहा वाजता तुम्ही कुठे होतात?"

"इथंच. तुमच्याच पायाशी. पाय उचला, तेवढी फरशी राहिलीय."

"आणि गेल्या आठ दिवसांत, दहा वाजता?"

"फरशीवरच. दुसरा पाय उचला."

मी दोन्ही पाय उचलून उलटतपासणी चालू ठेवली, पण बाई मुरलेली होती. तिच्याकडून एक अक्षरही बाहेर पडलं नाही. मी वहीत लिहिलं: ही काहीतरी लपवते आहे.

संध्याकाळी बायकोला सगळं सांगितलं. तिने भाजी चिरता चिरता ऐकून घेतलं.

"आत्यांचा फोन कोणी उचलत नाही दहा वाजता," ती म्हणाली. "आणि आपल्याकडे कोण जाणे कोण करतं, तेही दहा वाजता."

"दोन वेगळी प्रकरणं आहेत. त्यांची सरमिसळ करू नकोस. नवशिके हीच चूक करतात."

"बरं." ती चिरतच राहिली.

"उद्या तुला सुट्टी आहे. मी आत्याकडे असेन. दहा वाजता आपला फोन वाजला तर उचलायचा नाही. फक्त घंट्या मोजायच्या आणि लिहून ठेवायच्या."

"बरं," ती पुन्हा म्हणाली. चोवीस वर्षांच्या संसारात मला एवढं कळायला हवं होतं, की दोनदा 'बरं' म्हणते तेव्हा ती ऐकणार नसते.

दुसऱ्या दिवशी दहाला पाच कमी असताना आत्या खुर्चीत ताठ बसली होती. नीट केस विंचरून, धुतलेली साडी नेसून. जणू फोनवरून कोणी बघणार होतं. मावशीही फडकं हातात धरून दाराशी थांबल्या. गुन्हेगार घटनास्थळी परततोच, मी मनाशी म्हटलं.

घड्याळात ठोके पडले. आत्याने पट्टी चाचपली आणि बटण दाबलं. पहिली घंटी. दुसरी. तिसऱ्या घंटीला पलीकडे खट्ट आवाज झाला आणि बायकी आवाज आला, "हॅलो?"

आत्याचा बांधच फुटला. "अगं, उचललास गं बाई! किती दिवस रागावशील? ऐक, मला सांगायचंय तुला, ती फुलदाणी..."

"आत्याबाई?" पलीकडचा आवाज म्हणाला. "अहो, मी बोलतेय. तुमची भाचेसून."

मी रिसीव्हर हिसकावून घेतला. "तू धाकट्या आत्याकडे काय करतेयस?"

"मी आपल्या पॅसेजमध्ये आहे," बायको म्हणाली. "बुटांच्या कपाटाशेजारी. ओळखा पाहू, दहा वाजता रोज आपल्याला कोण फोन करतं?"

मी संशयितांची यादी मनात चाळली; तीत एकट्या मावशी होत्या.

"आता बघा, पट्टी कुठल्या बटणावर आहे?"

मी वही उघडली. "दुसऱ्या. माझ्याकडे कालपासून नोंद आहे."

"आणि दुसऱ्या बटणावर कोणाचा नंबर भरलाय तुम्ही?"

"एका अत्यंत भरवशाच्या..." मी सुरुवात केली, आणि थांबलो.

"ती पट्टी होय?" दारातून मावशी म्हणाल्या. "फोन पुसताना निघून हातात आली होती. झाले की आठ-नऊ दिवस. मीच परत चिकटवली."

"हे तुम्ही मला काल का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत, दहा वाजता कुठे होतात. पट्टीचं कुठं विचारलंत?"

मी चिकटपट्टी हळूच सोलली आणि एक घर वर लावली. आत्याने बटण दाबलं.

पहिली घंटी पुरी वाजलीसुद्धा नाही.

"नऊ दिवस!" धाकट्या आत्याचा आवाज खोलीभर ऐकू आला. "नऊ दिवस मी दहाला फोनजवळ बसतेय. मेलीस की काय, म्हटलं!"

"मग तू नाही का करायचास?"

"फोन तू करायचा असतो!"

"ते असू दे. ऐक." आत्याने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. "फुलदाणी मीच फोडली होती."

"माहीत आहे. मी दाराआडून बघत होते."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस, घरात?"

"सांगितलं असतं तर तुला मार बसला असता."

आत्याने पदर डोळ्यांना लावला. मावशींनी फडक्याने आपले डोळे पुसले. मी खिडकीबाहेर पाहिलं, कारण गुप्तहेराने आजूबाजूला लक्ष ठेवायचं असतं. मग वहीत लिहिलं: सहासष्ट वर्षांपूर्वीचं फुलदाणी प्रकरण, माझ्या उपस्थितीत कबुलीजबाब, निकाली.

पुढच्या दिवशी सकाळी दहा वाजता मी कार्यालयात बसलो होतो. फोन वाजला नाही. वाजणार नव्हताच. पण नऊ दिवस ज्याची भीती वाटली, तो गप्प राहिल्यावर पॅसेज फार मोठा वाटायला लागला. माझी आत्या दोन गल्ल्या पलीकडून रोज फोन करत होती, आणि मी समोर बसून घंट्या मोजत होतो. तिला वाटत होतं, आपण कोणालातरी नकोसे झालोय. हे माझ्या डोक्यात आलं, आणि निघता निघेना.

साडेदहाला टेलिफोन घणघणला. मी झडप घालून उचलला.

"अरे, मी," आत्या म्हणाली. "तुझ्या बटणावर मी दोन पट्ट्या लावल्यात. एक तिची, दोन तुझ्या. आता चूक व्हायची नाही."

"काही काम होतं का, आत्या?"

"काम कशाला हवं? लागतोय का ते बघत होते. उचलत जा रे बाबा."

तेव्हापासून रोज साडेदहाला फोन वाजतो आणि मी उचलतो. पहिल्या घंटीला उचलत नाही, दुसऱ्या घंटीला उचलतो. गुप्तहेराला थोडं तरी गूढ राखावं लागतं.