धूमकेतूच्या शेपटाची अधिकृत दिशा

शेपूट मागेच असते, या एका बाबतीत सरकार आणि जनता यांचे आजवर कधी दुमत झालेले नाही. रामनगरजवळच्या खैरवाडीतही १९९७च्या एप्रिलपर्यंत सगळे सुरळीत होते. मग झिलू मास्तरांनी फळ्यावर धूमकेतू काढला.

हा धूमकेतू सूर्याला वळसा घालून परत निघालेला होता आणि त्याचे शेपूट त्याच्या पुढे होते. सूर्याकडून सतत वारा वाहतो, तोच शेपूट लांब लोटतो, असे मास्तर रंगात येऊन सांगत होते. नेमके तेव्हाच तपासनीस साहेब दारात उभे राहिले. मास्तरांना नोकरीत कायम करण्याचा कागद साहेबांच्या पिशवीत होता, फक्त सहीसाठी अडलेला. साहेबांनी फळा पाहिला आणि पिशवीचा बंद आवळला.

प्रश्न शास्त्राचा म्हणून पंचायतीने समिती नेमली. (शास्त्राशी कोणाचाच संबंध नसल्याने निःपक्षपातीपणाची हमी होती.) समितीने तीन दिवस शेपटे तपासली: म्हशी १६८, कुत्री ४१, माकडे मोजू देतील तितकी. शिवाय गोव्याकडे जाणारे बावीस ट्रक पाहिले; एकाचाही धुरळा पुढे पळत नव्हता. आकाशाकडे कोणी पाहिले नाही, कारण ते पंचायतीच्या हद्दीबाहेर येते.

चौथ्या दिवशी साहेबांसमोर सभा भरली. शेजारच्या खळ्यात फुलाक्का कुळीथ उफणत होती. तिला राहवले नाही.

"मी कुनीकडंबी तोंड करून चालू दे, भूस वाऱ्यासंगंच जातंय. वारं पाठीमागनं आलं तर भूस माज्या म्होरं! त्यात इपरीत काय हाय?"

"फुलाक्का, तू मेंबर हाईस काय?" अध्यक्ष बाबुरावांनी विचारले.

"न्हाई."

"मग हे लिवून घ्याचं न्हाई."

ठराव मांडला गेला: धूमकेतूचे शेपूट यापुढे मागेच राहील. मास्तरांचा जीव तीळ तीळ तुटला. खरे काय ते त्यांना ठाऊक होते. सहा वर्षे हंगामी राहणे म्हणजे काय, तेही ठाऊक होते. सगळ्यांचे हात वर गेले. मास्तरांचा इतरांपेक्षा चार बोटे उंच होता. साहेबांनी तिथेच सही केली. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी फळा पुसला, शेपूट मागे काढले आणि मुलांनी ते वळणदार उतरवून घेतले.

आपण तिथे असतो तर हात वर केला नसता, असे ज्या वाचकांना वाटते, त्यांनी कृपया हात वर करावा.

(एकमताने मंजूर.)