रिंग जाते, उचलत नाही

आमच्या घरमालकीणबाई कुसुमताई कॉम्प्युटरवर कधी चिडत नाहीत. त्या त्याच्याशी खात्याच्या भाषेत बोलतात. पडद्यावर काही बिघाडाचा मजकूर उमटला की चष्मा नाकावर नीट बसवून तो शेवटपर्यंत वाचतात आणि शांतपणे जाहीर करतात, "रिंग जाते, उचलत नाही." किंवा, "लाइनच डेड आहे." किंवा, "पार्टी घरात आहे, पण बोलायचं नाही म्हणते."

ताईंची सगळी नोकरी साताऱ्याच्या टेलिफोन एक्सचेंजात ऑपरेटर म्हणून झाली. कानाला हेडसेट लावून, स्विचबोर्डापुढं बसून त्यांनी लोकांचे परगावचे ट्रंक कॉल जोडून दिले. पुढं ते बोर्ड गेले, ट्रंक कॉल गेले, ताई निवृत्त होऊन कोरेगावच्या घरी आल्या. पण कुठलीही दोन यंत्रं एकमेकांशी बोलेनाशी झाली की ती आपली जबाबदारी, ही समजूत काही गेली नाही.

मी त्यांचा वरच्या मजल्यावरचा भाडेकरू. इथल्या कॉलेजात भूगोल शिकवतो. खोली बघायला आलो तेव्हा त्यांनी डिपॉझिटच्या आधी विचारलं, "सर, तुमच्या लॅपटॉपचा नंबर काय?" मी मोबाइलचा नंबर सांगितला. "तो नव्हे, आतला," त्या म्हणाल्या. यंत्रं एकमेकांना ज्या नंबरानं ओळखतात तो, आयपी ॲड्रेस; मला तो माहीत नव्हता. त्यांनीच माझ्या लॅपटॉपवर काहीतरी टाइप करून तो शोधला आणि "मिळाला" म्हणून पाण्याचा तांब्या माझ्यापुढं केला. भाड्याचं बोलणं त्यानंतर झालं.

त्यांच्या कॉम्प्युटरवर लिनक्स आहे. पुण्याच्या भाच्यानं आपला जुना डबा मावशीला दिला तेव्हा त्यावर विंडोज चालेना, म्हणून त्यानं लिनक्स टाकलं. मावशी चार दिवसांत कंटाळेल असं त्याला वाटलं होतं. उलटंच झालं. काळ्या पडद्यावर आपण हुकूम टाइप करायचा आणि यंत्रानं ओळीनं उत्तर द्यायचं, हे ताईंना फारच पटलं. "चित्रं कशाला पायजेत? विचारलं तेवढ्याचं उत्तर द्या आणि लाइन सोडा."

'पिंग' हा हुकूम म्हणजे त्यांच्या लेखी रिंग देणं. फायरवॉल म्हणजे सासू. फोन पहिल्यांदा तीच उचलणार आणि सून घरात नाही म्हणून सांगणार. हुकुमाच्या आधी 'सुडो' लिहिलं की यंत्र पासवर्ड मागतं आणि मग वाटेल ते ऐकतं. हा सुडो म्हणजे त्यांचा सुपरवायझर. पासवर्ड टाइप करताना त्या पाठ ताठ करून बसतात.

एवढं करून त्यांचं सगळंच बरोबर येतं असं नाही. शेजारच्या मेडिकलवाल्याला त्यांनी आपलं वायफाय उसनं दिलंय. माझा प्रिंटर दुरुस्त करताना त्यांनी असं काही केलं, की माझी चाचणीची प्रश्नपत्रिका मेडिकलमध्ये छापून निघाली. तो बिचारा दोन्ही पानं घेऊन वर आला आणि म्हणाला, "सर, ही कुणाची औषधं हायत?" ताईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "राँग नंबर. होतं असं."

त्यांच्या घरात दुसरा एक लॅपटॉप होता, आतल्या खोलीत. तो सुभेदारांचा. सुभेदार म्हणजे ताईंचे यजमान, मिलिटरीतून निवृत्त झालेले. मी राहायला येण्याच्या आधीच त्यांच्या अंगावरून वारं गेलं होतं. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळू लागलं. तेव्हापासून त्यांनी बाहेरच्या कुणालाही खोलीत घेतलं नाही. मीसुद्धा एवढ्या दिवसांत दाराच्या पडद्याच्या फटीतून त्यांचं कोपर तेवढं पाहिलं होतं. दुपारी मात्र आतून माणसांच्या गप्पांचा आवाज यायचा. कुणीतरी खोकायचं, कुणीतरी हसायचं. मला वाटायचं, मालिका बघत असतील.

ताईंच्या कॉम्प्युटरवर 'घर' नावाचा एक फोल्डर होता आणि तो आतल्या लॅपटॉपवरूनही उघडायचा. ताई त्याला हात लावू द्यायच्या नाहीत. म्हाताऱ्या माणसांचे काही हट्ट असतात, म्हणून मी कधी चौकशी केली नाही.

मग एके दिवशी इंटरनेटवाला येऊन घरातली जुनी पेटी काढून नवी बसवून गेला. मी कॉलेजातून आलो तर ताई बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटरपुढं बसलेल्या, चहाच्या कपावर साय धरलेली.

"सर, बसा जरा. एक्सचेंजनं सगळे नंबर बदलले आणि सांगितलं नाही."

खरं तर प्रकार तेवढाच होता. नव्या पेटीनं घरातल्या यंत्रांना नव्या मालिकेतले नंबर वाटले होते. ताईंच्या कॉम्प्युटरला भाच्यानं कायमचा ठरवून दिलेला नंबर मात्र जुन्या मालिकेतला. त्यामुळं तो एकटाच जुन्या गावात राहिल्यासारखा बसला होता. मी म्हटलं, पेटी देईल तो नंबर घेऊ दे त्याला. त्यांनी तसं केलं. आतल्या लॅपटॉपला रिंग दिली. उत्तरं ओळीनं येऊ लागली.

"रिंग जाते," ताई म्हणाल्या. मग आतल्या खोलीकडं तोंड करून मोठ्यानं, "आवं, उघडतंय का?"

आतून स्टीलचा पेला पलंगाच्या दांडीवर एकदा वाजला. एकदा वाजला की नाही आणि दोनदा वाजला की हो, ही त्यांची रीत मला त्या दिवशी कळली.

"रिंग जाते, उचलत नाही. सासूबाई."

फायरवॉलच निघाली. तिला जुन्या मालिकेतल्याच नंबरांची ओळख होती. ताईंनी सुडो लावून नव्या नंबरांना आत येऊ द्यायचं फर्मान काढलं. तरी पेला एकदाच वाजला. आता ताईंचा खात्यातला आवाज गेला आणि माहेरचा, शिराळ्याचा आला. "काय मेलं एकेक. लय झालं तुजं." त्यांनी रागानं तो फोल्डरच काढून टाकला, सुडो लावून त्याच नावाचा नवा केला, त्यात मोबाइलमधली एक फाइल घातली आणि सगळं पुन्हा सुरू केलं.

पेला दोनदा वाजला. पाठोपाठ आतून एका माणसाचा आवाज आला, खणखणीत, म्हाताऱ्याचा: "सुभेदार, ऐकताय न्हवं? मी आबा."

मी ताईंकडं पाहिलं. त्यांनी घाईनं उठून आतल्या खोलीचं दार ओढून घेतलं.

"मालिका नाही ती," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. सुभेदारांची बैठक बाजारातल्या एका चहाच्या टपरीवर असायची. आजारपणानंतर मित्र घरी यायला निघाले, तर सुभेदारांनी नको म्हणून सांगितलं. हे तोंड कुणी बघायचं नाही. फोन लावून पाहिला. फोनवर शब्द अडला की पलीकडचा माणूस तो घाईनं पुरा करायचा, आणि भलताच करायचा. सुभेदारांनी मोबाइल भिंतीवर फेकला. तेव्हा ताई बाजारात जाताना आपला मोबाइल टपरीवर ठेवू लागल्या. भाजी घेऊन येईपर्यंत मंडळी त्यात बोलायची. घरी येऊन ताई ते 'घर'मध्ये घालायच्या. सुभेदार आत एकटे ऐकायचे, मग वेळ काढून, चुकलेलं पुसून, आपलं बोलणं लॅपटॉपवर रेकॉर्ड करून त्याच फोल्डरात ठेवायचे. दुसऱ्या दिवशी ताई ते टपरीवर नेऊन ऐकवायच्या.

"मग पेनड्राइव्हनं नेऊन द्यायचं," मी म्हटलं. "दहा पावलांवर तर खोली आहे."

"पेनड्राइव्ह हातात दिला की ते माझ्या तोंडाकडं बघतात. ऐकलंस का, म्हणून. माणसाला दोस्ताशी बोलताना बायको मध्ये नको असते."

"आणि तुम्ही खरंच ऐकत नाही?"

ताईंनी माझ्याकडं जरा दुखावल्यासारखं पाहिलं. "अख्ख्या नोकरीत मी कुणाचं ऐकलं नाही, सर. ऐकलं असतं तर या तालुक्यातली निम्मी लग्नं मोडली असती. कनेक्शन दिलं की आम्ही बाजूला."

पण त्या दिवशी त्यांची घाई वेगळी होती. आबा म्हणजे सुभेदारांचे पलटणीपासूनचे दोस्त. त्यांच्या मुलाचं लांब तमिळनाडूत गलाईचं दुकान, म्हणजे सोनं गाळायचा धंदा. मूळचं विट्याकडचं घराणं. मुलगा बापाला न्यायला आला होता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं निघणार होते. आता आत वाजत होता तो आबांचा निरोपच असणार. त्याचं उत्तर त्याच संध्याकाळी जायला हवं होतं.

आतला आवाज थांबला. मग दाराआडून पुटपुटणं ऐकू आलं; मध्येच थांबायचं, पहिल्यापासून सुरू व्हायचं. ताई उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि नळ सोडून भांडी घासू लागल्या. भांडी स्वच्छच होती.

पेला वाजला. एकदा.

ताई हात पुसत आल्या. फोल्डर उघडून पाहिला. आबांची फाइल होती, उत्तर नव्हतं. आतल्या लॅपटॉपवर ते ठेवता येत नव्हतं.

"तिकडून वाचता येतंय पण लिहिता येत नाही," मी म्हटलं. "आबांचा निरोप तर पोचला. निम्मं काम झालं."

"एकाच बाजूनं ऐकू येत असलं तर त्याला लाइन म्हणत नाहीत, सर."

त्यानंतर आम्ही दोघांनी बरंच काही करून पाहिलं. वायर काढून घातली, पेटी बंद करून चालू केली. मी इंटरनेटवर शोधून एक उपाय सांगितला, तो कुठल्या तरी वेगळ्याच लिनक्सचा निघाला. आतून पेला वाजत राहिला, एकेकदा. बाहेर उन्हं उतरली. शेवटी ताई खुर्चीत मागं टेकल्या. "परमिशन नाही म्हणतंय. माझ्याच घरात परमिशन नाही."

मग त्या एकदम सरळ झाल्या. फोल्डराचा मालक कोण, हे विचारायचा हुकूम त्यांनी टाइप केला. उत्तर आलं. त्यांनी ते बोट ठेवून वाचलं.

"रूट. म्हणजे सुपरवायझर. मगाशी रागाच्या भरात मीच सुडो लावून केला ना फोल्डर. तो त्याच्या नावावर चढला." त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. "माझाच घोळ."

मालकी सुभेदारांच्या नावावर करायला एक ओळ लागली. ताई दाराशी जाऊन म्हणाल्या, "आवं, आता ठेवा."

पेला दोनदा वाजला. 'घर'मध्ये नवी फाइल दिसली. ताईंनी ती न उघडता मोबाइलवर घेतली, पिशवी उचलली आणि मला म्हणाल्या, "चला, बरोबर या. अंधारात मला रस्त्यावरचे खड्डे दिसत नाहीत."

टपरीवर आबा एकटेच बाकावर बसले होते, नवा सदरा घालून. बाकीची मंडळी निरोप घेऊन गेलेली. ताईंनी फाइल लावून मोबाइल त्यांच्या हातात दिला आणि कानाशी कसा धरायचा ते दाखवलं. "बोला तुम्ही," असं म्हणून त्या रस्त्यापलीकडं गेल्या आणि आल्याच्या ढिगापुढं उभ्या राहिल्या. आलं घरात भरपूर होतं. आदल्याच दिवशी मीच आणून दिलं होतं.

आबांना कमी ऐकू येतं, त्यामुळं मोबाइलचा आवाज पूर्ण मोठा होता. मी बाजूला सरकलो, तरी शब्द येतच होते. सुभेदार सावकाश बोलत होते. कुठल्याशा चौकीवर बर्फात दोघांनी मिळून पेटवलेल्या शेगडीचं काहीतरी होतं. आबा मान हलवत "व्हय रं. व्हय," म्हणत होते, सुभेदार समोरच बसल्यासारखे. मग आवाज अडला. पुन्हा आला.

"आबा, कुसुमनं... गोड चा सोडलाय. मला बंद हाय म्हनून. लय आवडायचा तिला. जायच्या आदी तिला एक पाज. माजं नाव... घिऊ नगं."

आबांनी मोबाइल कानावरून काढला आणि मला दिला. टपरीवाल्याला त्यांनी बोटानं खूण केली. मग रस्त्यापलीकडं हाक मारली, "वैनी, हिकडं या."

ताई आल्या. "झालं का बोलून?"

"झालं. ह्यो चा घ्या."

"मी गोड घेत नाही, आबा. सवय मोडली."

"ठावं हाय. मी उद्या जायचोय. आज घ्या माज्याकडनं."

ताईंनी ग्लास घेतला. पहिला घोट त्यांनी सावकाश घेतला. मग उभ्या उभ्या सगळा प्यायल्या, तळाची साखर ग्लास हलवून वर घेतली आणि तीही प्यायल्या. आबांना त्यांनी वाकून नमस्कार केला. "पोचल्यावर कळवा," एवढंच म्हणाल्या.

आम्ही घराकडं निघालो. सुभेदार काय म्हणाले, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. फाटकाशी त्यांनी मला थांबवलं. पदराच्या टोकानं ओठ पुसले, मग परत एकदा नीट पुसले.

"त्यांना बोलू नका हं, सर," त्या हळूच म्हणाल्या. "गोड घेतला म्हणून."

"नाही बोलणार," मी म्हटलं.

त्या आत गेल्या. खिडकीतून दिसलं, आधी त्यांनी चूळ भरली आणि मग आतल्या खोलीचं दार उघडलं.