मूळ हसण्याची पडताळणी

वजनमापे कार्यालयातल्या निरीक्षकाकडे स्वतःचं म्हणावं असं एकच काही होतं, ते म्हणजे त्याचं हसणं. आणि ते त्याने लग्न ठरलं तेव्हाच बंद केलं होतं. हसणं तसं कोणाचं वाईट करणारं नव्हतं, पण बेताल होतं. आधी उचकीसारखा एक आवाज यायचा, मग सगळ्यांना काळजी वाटावी इतकी शांतता, आणि मग जिन्यावरून भांडी घरंगळावीत तसा गडगडाट. शेवटी डोळ्यांतून पाणी यायचं आणि समोर जे असेल त्यावर जोरात थाप पडायची. मुलगी बघायला गेला तेव्हा समोर भावी सासऱ्यांची मांडी होती.

त्यानंतर त्याने प्रसंगाप्रसंगाची हसणी करून घेतली. साहेबांच्या विनोदाला खांदे हलवून ‘हं हं’. सासऱ्यांसमोर नुसती मान. जिन्यात शेजारी भेटले की ओठ मिटून, दात न दाखवता. संसार सुरळीत चालला. दुकानादुकानांतून काटे तपासत तो फिरला, खोटी वजनं जप्त केली, खऱ्यांवर शिक्का मारला, आणि माणूस सज्जन आहे असं सगळ्यांचं मत पडलं. त्याला मात्र आतून सारखं वाटायचं, की एकदा, फक्त एकदा, चार लोकांत बसून आपलं ते हसणं हसावं.

अशात वरिष्ठ कार्यालयात एक व्याख्याते येऊन गेले. माणूस मोकळा झाला की काम दुप्पट होतं, असं त्यांनी सांगितलं. वरिष्ठांना ते इतकं पटलं की त्यांनी मोकळं होणं सक्तीचं केलं. परिपत्रक आलं: सर्व कर्मचाऱ्यांनी यापुढे कार्यालयात आपल्या मूळ स्वरूपात उपस्थित राहावे. मूळ स्वरूपाची रीतसर पडताळणी होऊन त्यावर मुद्रांकन करण्यात येईल. ज्यांचे स्वरूप अप्रमाणित आढळेल, त्यांची बदली मोडक्या काट्यांच्या गोदामात होईल, कारण तेथे कोणाशी संबंध येत नसल्यामुळे स्वरूपाची आवश्यकता नसते.

बाकीचे घाबरले. निरीक्षक मात्र वाचता वाचता टेबलाखाली पाय हलवायला लागला. सरकारी खर्चाने आपलं हसणं परत मिळणार, ही कल्पनाच त्याला सुखावून गेली.

आधी घरी करून बघावं म्हणून संध्याकाळी त्याने चहा पिता पिता बायकोसमोर सुरुवात केली. उचकी बरोबर लागली, शांतता ठीक पडली, गडगडाटही झाला. थापेने कप बशीत आडवा झाला.

“अहो, काय होतंय तुम्हाला?” बायको धावत पाणी घेऊन आली.

“काही नाही. हसलो.”

“हे तुमचं हसणं नाही.”

“हेच माझं आहे. मूळचं.”

“काहीतरीच बोलू नका. इतकी वर्षं संसार केला, मला ठाऊक नाही तुम्ही कसे हसता? कोणाचं उचलून आणलंत हे?”

आतल्या खोलीतून कॉलेजात जाणारी लेक डोकावली. तिचे डोळे चमकत होते. “बाबा, परत एकदा!”

“काही परत नको,” आई म्हणाली. “लोकांना वाटेल घरात काहीतरी झालंय.”

निरीक्षकाने कप उचलला आणि सवयीने ओठ मिटून हसला. बायकोच्या जिवात जीव आला. “हं, आता कसे तुम्ही वाटताय,” ती म्हणाली.

पडताळणी कार्यालयाच्या तपासणीच्या खोलीत झाली. मधे मोठा काटा होता, काचेच्या कपाटात चकचकीत मानक वजनं होती, आणि टेबलामागे समिती बसली होती: साहेब, हिशेबनीस बाई आणि एक रिकामी खुर्ची. ती जागा जनतेच्या प्रतिनिधीसाठी राखीव होती. जनतेला अजून कळवलेलं नव्हतं.

“करा सुरुवात,” साहेब म्हणाले. “अगदी मोकळेपणाने. घाई नको, पण पाच मिनिटांत आटपा.”

निरीक्षकाने डोळे मिटले आणि मनातला सगळा साठा बाहेर काढला. कपाटातली वजनं किणकिणली. थाप काट्यावर पडली आणि काटा बराच वेळ हलत राहिला. इतक्या वर्षांनी छाती मोकळी झाली होती. त्याला रडू येईल असं वाटलं, इतका आनंद झाला.

काटा थांबला तशी हिशेबनीस बाईंनी मान हलवली.

“नाही जुळत,” बाई म्हणाल्या. “मी यांच्या शेजारच्या टेबलावर बसते. हे खांदे हलवून ‘हं हं’ हसतात. कोणालाही विचारा.”

“मलाही तसंच आठवतंय,” साहेब म्हणाले. “माझ्या प्रत्येक विनोदाला तसेच हसलेत. आज सादर केलेलं हसणं आणि प्रत्यक्ष तुम्ही, यांतला फरक मर्यादेबाहेर आहे.”

“पण साहेब, प्रत्यक्ष मी तर हा इथे उभा आहे. मी सांगतो ना, हेच माझं आहे.”

साहेबांनी चष्मा काढला. त्यांना निरीक्षकाबद्दल खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं. “तुम्ही स्वतः वजनं तपासता. कधी एखाद्या वजनाला विचारलंय, बाबा रे, तू किती किलोचं? ते काय, ‘मी खरं आहे’ असंच म्हणणार. आपण त्याला मानकाशी ताडून बघतो.”

“मग माझं मानक कुठे आहे?”

“लोकांचं तुमच्याबद्दलचं मत. दुसरं काय असणार?”

गंमत अशी, की निरीक्षकाला हे पटलं. जन्मभर त्याने हेच नियम दुकानदारांना सुनावले होते, आणि त्यांची तोंडं पडलेली पाहून मनातल्या मनात खूशही झाला होता. आता आपलंच वजन खोटं निघालं म्हणून तक्रार कोणत्या तोंडाने करणार? त्याने दुरुस्तीसाठी मुदत मागितली. नियमात तशी तरतूद होती.

दुरुस्तीसाठी भांडारपालाची नेमणूक झाली. भांडारपाल चहाच्या सुट्टीत सगळ्यांच्या नकला करायचा आणि त्यात निरीक्षकाची नक्कल सर्वांची लाडकी होती. निरीक्षकाला ती कोणी कधी दाखवली नव्हती. आता शिक्षण म्हणून दाखवली गेली. भांडारपाल उठला, सदऱ्याची वरची गुंडी लावली, मान थोडी खाली घातली, खांदे दोनदा हलवले आणि म्हणाला, “हं हं, अगदी बरोबर, साहेब.”

निरीक्षकाच्या अंगावर काटाच आला. इतका लाचार माणूस त्याने कधी पाहिला नव्हता.

“मान अजून खाली,” भांडारपाल शिकवायला लागला. “आणि साहेबांचा विनोद संपायच्या जरा आधी सुरू करा. तुम्ही नेहमी आधीच सुरू करता.”

“मी असं करतो?”

“अहो, तेच तर तुमचं वैशिष्ट्य आहे.”

फेरतपासणीला घरच्या साक्षीसाठी बायकोलाही बोलावलं. तुलना करायला आधी भांडारपालाला उभं केलं. त्याने मान खाली घातली, खांदे हलवले, मग ओठ मिटून जिन्यातलं हसणंही करून दाखवलं. बायको तोंडावर पदर धरून म्हणाली, “अगं बाई! अगदी हेच!” समितीने भांडारपालाच्या निरीक्षकत्वात शून्य फरक नोंदवला आणि त्यावर लगेच शिक्का मारला.

मग खरा निरीक्षक उभा राहिला. मान खाली घालायला क्षणभर उशीर झाला, एक खांदा दुसऱ्याच्या मागे राहिला, पण एकूण प्रयत्न प्रामाणिक होता. साहेबांनी प्रमाणपत्रावर शेरा दिला: स्वतःशी समाधानकारक साम्य. गोदाम टळलं. मात्र वरिष्ठ कार्यालयातून कोणी पाहणीला आल्यास निरीक्षक म्हणून भांडारपालाने बसावे, असं ठरलं. तो अधिक अस्सल होता.

“वाईट वाटून घेऊ नका,” परतताना बायको म्हणाली. “त्यांच्याकडे बघून बघून तुम्हालाही जमेल.”

“जमेल ना,” तो म्हणाला. खरं सांगायचं तर त्याला हलकं वाटत होतं. आपण कसे आहोत याची काळजी आता आपल्याला करायची नव्हती, इतकी माणसं ती करत होती. छातीशी प्रमाणपत्र धरून तो जिना चढला. शेजारी भेटले. तो ओठ मिटून हसला, आणि शेजारी कौतुकाने म्हणाले, “वा! आज अगदी तुमच्यासारखे दिसताय.”

दार उघडलं तेव्हा आतल्या खोलीत लेक फोनवर मैत्रिणीशी बोलत होती. मैत्रिणीने काहीतरी सांगितलं असावं. आधी एक उचकी ऐकू आली. मग शांतता. आणि मग तो गडगडाट, भिंतीला हात न लावता भिंत हलवणारा, आणि शेवटी गादीवर दणदणीत थाप.

निरीक्षक चपला काढता काढता थांबला. ते त्याचंच हसणं होतं, कुठेही न झिजलेलं, नवंकोरं. पोरीला कोणी शिकवलं नव्हतं, कोणी तपासलं नव्हतं, आणि ती हसत होती. आत जाऊन तिच्याबरोबर हसावं, एवढंच त्याला करायचं होतं. तो दारापर्यंत गेला.

“हळू,” तो म्हणाला. “शेजारी ऐकतायत. लोक काय म्हणतील?”

लेकीने वळून त्याच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा हळूहळू विझला. मग ती फोनमध्ये, खांदे जेमतेम हलवत, म्हणाली, “हं हं.”

तुम्ही म्हणाल, बापाने असं करायला नको होतं. माणूस असा नसावा, तसा असावा, निदान स्वतःच्या लेकीशी तरी. तुमचं मत स्पष्ट आहे, ठाम आहे आणि कोणी विचारलेलं नसताना तयार आहे. समितीत जनतेच्या प्रतिनिधीची ती खुर्ची अजून रिकामीच आहे. सोमवारी लवकर या.