चारशेवर अडकलेला माणूस

पासवर्डचा शेवटचा ठिपका उमटेपर्यंत लिनक्सरावांचा अर्धा चहा पिऊन झाला होता. एरवी हा लॅपटॉप बोट उचलायच्या आत उघडायचा. आज पडद्यावरचा बाण हलवला, तर तो थोडा विचार करून मग निघत होता. इतर कुठल्याही दिवशी हे झालं असतं तर चाललं असतं. पण असल्या गोष्टींना दिवस बरोबर कळतो.

आज घरून काम होतं आणि दुपारी साहेबांची व्हिडिओ मीटिंग होती. लिफ्टच्या तक्रारी नोंदवणारा प्रोग्राम कंपनीत दोघं सांभाळायचे. एक लिनक्सराव आणि दुसरी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसणारी बाई, जिला सगळं ऑफिस शेजारीण म्हणायचं. "एका कामाला दोन माणसं जास्त होतात," असं साहेब मागच्या आठवड्यात म्हणाले होते, तेही हसत. दोघांपैकी एकजण जाणार हे उघड होतं, आणि कोण ते आज ठरणार होतं. काय बोलायचं ते लिनक्सरावांनी आंघोळ करताना पाठ केलं होतं. आधी एकदा त्यांची नोकरी गेली होती. तेव्हा घरातली माणसं त्यांच्याशी किती हळू आवाजात बोलायची, ते त्यांना अजून आठवत होतं.

समोरच्या खुर्चीत बाबा पेपर वाचत होते. "काय झालं?" त्यांनी विचारलं.

"प्रोसेसर चारशे मेगाहर्ट्झवर अडकलाय."

"किती पाहिजे?"

"तीन हजारांच्या पुढे."

"मग बराच आजारी आहे," बाबा म्हणाले आणि त्यांनी निधनवार्तांचं पान उघडलं.

लिनक्स या कॉम्प्युटर सिस्टीममध्ये प्रोसेसरने किती जोरात पळायचं हे ठरवणारा एक भाग असतो, त्याला गव्हर्नर म्हणतात. काम नसलं की तो प्रोसेसरला हळू चालवतो, काम आलं की पळवतो. लिनक्सरावांनी काळ्या खिडकीत हुकूम टाइप केला, की आता काटकसर पुरे, पूर्ण जोर लाव. टाइप करून झाल्यावर बऱ्याच वेळाने अक्षरं एकेक करून आली. मग गव्हर्नर बदलला. आकडा मात्र चारशेच राहिला.

"गव्हर्नर बदलला, तरी फरक नाही," लिनक्सराव पुटपुटले.

"गव्हर्नर बदलून कधी कुणाला फरक पडलाय?" बाबा म्हणाले.

दुसरा कुणी असता तर त्याने कंपनीतले लॅपटॉप सांभाळणाऱ्या मशीनवाल्याला फोन करून दुसरा लॅपटॉप मागवला असता. पण लिनक्सराव हे नाव काही उगाच पडलं नव्हतं. कंपनीने दिलेली सिस्टीम त्यांनी भर मीटिंगमध्ये नाकारली होती, तिच्यावर भाषण दिलं होतं, आणि "माझ्या मशीनचं माझं मी बघेन, कुणाला त्रास देणार नाही," असं सांगून टाळ्या घेतल्या होत्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत मशीनवाला सगळ्यात पुढे होता. तरी नाक मुठीत धरून त्यांनी फोन लावलाच.

"सर, तुमचं तुम्ही बघणार होतात ना?" मशीनवाला म्हणाला. आवाजात राग नव्हता, उलट माया होती. "आमची सिस्टीम टाकायची असेल तर घेऊन या. उद्या संध्याकाळपर्यंत देतो."

"मीटिंग आज आहे."

"कळलं मला. वाईट वाटलं सर."

आता हा माणूस आत्ताच सांत्वन का करतोय, हे लिनक्सरावांना कळेना.

मग ते इंटरनेटवर लिनक्सवाल्यांच्या फोरमवर शिरले. तिथे एकाने हुबेहूब हीच अडचण मांडली होती आणि खाली स्वतःच लिहिलं होतं, "सुटला प्रश्न, धन्यवाद." कसा सुटला ते लिहिलं नव्हतं. असल्या माणसांना शिक्षा करायची सोय कुठल्याच कायद्यात नाही. दुसऱ्या एकाने सिस्टीम सुरू होतानाच एक सेटिंग बदलून बघा म्हटलं होतं. लिनक्सरावांनी ते केलं आणि मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. ते चालू होईपर्यंत बाबांनी पेपर संपवला आणि परत पहिल्या पानापासून धरला. आकडा चारशे.

खरं म्हणजे शेजारणीला विचारणं सगळ्यात सोपं होतं. तीही लिनक्सच वापरायची, फक्त गाजावाजा करायची नाही. लिनक्सरावांनी फोनवर तिचा नंबर काढला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. दोघांपैकी एकच राहणार. आपलं मशीन आजच्या दिवशी आजारी आहे हे तिला कशाला कळायला हवं? त्यांनी फोन उलटा करून टेबलावर ठेवला. मनाला बरं वाटलं नाही, पण ठेवला.

राहता राहिला ताप. प्रोसेसर तापला की हळू होतो, हे लिनक्सरावांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी लॅपटॉप पालथा घालून मागचं झाकण उघडलं आणि पंखा साफ करायला हाताला येईल तो ब्रश घेतला.

"माझा दाढीचा आहे तो," बाबा म्हणाले.

"नवा आणून देतो."

"नको. आधी नोकरीचं बघ."

झाकण लावल्यावर एक स्क्रू उरला. तो कुठला हे शोधायला वेळ नव्हता. पंखा साफ होऊनही आकडा हलेना, तेव्हा लिनक्सरावांनी फ्रीज उघडला. बाबा काही न विचारता उठले आणि त्यांनी दुधाचं पातेलं बाहेर काढून जागा करून दिली. लॅपटॉप मधल्या कप्प्यात बसला. चार्जरची वायर दारातून बाहेर लोंबत होती, म्हणून दार पूर्ण लागेना, आणि बाप-लेक दोन्ही बाजूंनी ते धरून उभे राहिले.

"तापलाय का?" थोड्या वेळाने बाबांनी विचारलं.

लिनक्सरावांनी आत हात घातला. "बर्फ झालाय."

"आणि आकडा?"

"चारशे."

"मग ताप नाही. दुसरं काहीतरी आहे," बाबा म्हणाले आणि दूध परत आत ठेवलं.

मीटिंग सुरू झाली ती त्या गारठलेल्या लॅपटॉपवरच. फोनवरून जोडून घ्यावं, तर ऑफिसच्या मीटिंगला फोन चालत नसे. पडद्यावर साहेब दिसले, शेजारीण दिसली. लिनक्सरावांनी मान खाली घालून पडद्याच्या खालच्या कोपऱ्यातल्या आकड्याकडे एकदा बघितलं, आणि त्याच क्षणी सगळं गोठलं. साहेबांचं तोंड उघडं राहिलं, शेजारणीचा हात हवेत राहिला. आवाजाचे तुकडे यायचे. "...दोघं मिळून..." असं काहीसं आलं, मग खरखर. पाठ केलेलं भाषण लिनक्सरावांनी त्या गोठलेल्या तोंडांसमोर सुरुवातीपासून शेवटपर्यंत म्हणून टाकलं. मधे आवाजही चढवला. "ऐकू येतंय का?" असं विचारलं. उत्तर फक्त पंख्याने दिलं. मग पडदा काळा झाला.

"गेली," ते बाबांना म्हणाले.

बाबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "जेवून घे," ते म्हणाले, अगदी हळू आवाजात. तो हळू आवाज ऐकून लिनक्सरावांचा घास तोंडातच फिरत राहिला.

संध्याकाळी बायको दवाखान्यातून आली. ती फिजिओथेरपिस्ट होती, दिवसभर लोकांच्या अडकलेल्या मानांवर उपचार करून तिचीच मान दुखत होती. तिने पिशवीतून चार्जर काढून टेबलावर ठेवला.

"सकाळी घाईत तुझा घेऊन गेले बघ. माझा चालला ना तुला?"

लिनक्सराव चार्जरकडे बघत राहिले. मग त्यांनी मुकाट्याने वायर बदलली. आकडा चारशेवरून उडाला तो थेट तीन हजारांच्या पुढे. या मशीनला स्वतःचा, ओळखीचा चार्जर लागतो. परका लावला की ते घाबरून प्रोसेसरला सगळ्यात खालच्या पायरीवर बसवतं, आणि मग गव्हर्नर कितीही बदला, त्याला विचारतो कोण? हे सगळं लिनक्सरावांना माहीत होतं. दिवसभरात त्यांनी नाही नाही त्या फायली उघडल्या होत्या. फक्त चार्जरकडे बघितलं नव्हतं.

तेवढ्यात साहेबांचा फोन आला.

"आज तू मला जिंकलंस," साहेब म्हणाले. "तुझी शेजारीण किती भांडली. दोघांनाही ठेवा म्हणे, हवं तर अर्धं अर्धं काम द्या. मग मी तुला सरळ विचारलं, तुला हे मान्य आहे का? तू नुसता खाली मान घालून बसलास. चेहऱ्यावर केवढं दुःख, पण एक शब्द नाही. मी समजलो, तुला मान्य नाही, पण तिच्या तोंडावर बोलवत नाही. तिला कळवलंय. उद्यापासून सगळं तू बघ."

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. लिनक्सरावांनी ते मनात जुळवलंही. मग त्यांची नजर बाबांकडे गेली, बायकोकडे गेली, आणि ते म्हणाले, "थँक्यू सर."

"राहिली?" बाबांनी विचारलं.

"राहिली."

"मग तोंड असं का?"

लिनक्सरावांना स्वतःची लाज वाटत होती, आणि ती कुठे ठेवावी ते कळत नव्हतं. शेवटी त्यांनी शेजारणीचा नंबर लावला.

"बोल," ती म्हणाली. आवाजावरून ती नुकतीच रडली असावी.

"तू आज जे बोललीस ना, ते मला ऐकूच आलं नाही. सगळं गोठलं होतं. प्रोसेसर चारशेवर अडकला होता."

जगात इतर कुणालाही ही थाप वाटली असती.

"चार्जर कुणाचा लावला होतास?" शेजारणीने विचारलं.

"बायकोचा."

"मग काय होणार? माझंही झालं होतं तसं. दिवसभर गव्हर्नर बदलत बसला असशील."

"हो."

"फ्रीजमध्ये ठेवलास?"

"मधल्या कप्प्यात."

ती हसली. खरंच हसली, आणि लिनक्सरावांना दिवसात पहिल्यांदा जरा मोकळं वाटलं.

"अरे वेड्या, सकाळीच मला फोन करायचास. एका मिनिटात सांगितलं असतं," ती म्हणाली. "का नाही केलास?"

लिनक्सरावांनी तोंड उघडलं. समोर लॅपटॉप पूर्ण जोरात चालू होता, फोनला रेंज भरपूर होती, घरात कुठलाही आवाज नव्हता.

"हॅलो?" शेजारीण म्हणाली. "परत अडकलास का?"