डोसवाले ढेंगे

ढेंगे कुठलाही पदार्थ थेट तोंडात घालत नसत. आधी वास. मग जिभेच्या शेंड्यावर एक कण. मग मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत पूर्ण एक मिनिट शांतता. लग्नाच्या पंगतीतही हे चालायचं. वाढपी बुंदीचं ताट घेऊन खोळंबलेला, शेजारच्यांचे हात वाळत आलेले, आणि ढेंगे घड्याळात पाहताहेत. "काही झालं नाही," असं स्वतःशी पुटपुटले की मात्र सहा वेळा बुंदी घेत.

सत्तरच्या दशकात आमच्या विभागात विषशास्त्रावर पीएच.डी. करणारे आम्ही दोघंच होतो, ढेंगे आणि मी. मी नागपूरच्या महाल भागातली. विष शिकलेल्या मुलीच्या हातचं कोणता जावई निर्धास्त जेवेल, ही माझ्या आईची काळजी. ढेंगे उमरेडकडच्या खेड्यातले, माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठे, तरी मला ताई म्हणायचे.

"जहर कशात नाही, ताई? डोस सांगा," हे त्यांचं पालुपद. मिठात? "आहे. डोस सांगा." पाण्यात? "त्यातही आहे. डोस सांगा." एकदा आमचा शिपाई वैतागून म्हणाला, "साहेब, तुमच्या बोलण्यातबी जहर हाये." ढेंग्यांनी त्यावर गंभीरपणे विचार केला आणि विचारलं, "असन. किती वेळ ऐकलं तुम्ही?"

एका दिवाळीत आमच्या सरांनी आम्हांला जेवायला बोलावलं. वरणाचा पिवळा रंग पाहून ढेंगे अस्वस्थ झाले. उठून स्वयंपाकघराच्या दाराशी गेले आणि सरांच्या बायकोला म्हणाले, "वहिनी, चिमूटभर हळद द्या." त्यांना वाटलं, बोट कापलं असेल. त्यांनी घाईनं डबाच पुढे केला. ढेंग्यांनी खिशातून परीक्षानळी काढली, दुसऱ्या खिशातून ॲसिडची इवलीशी बाटली. हळद गुलाबी झाली. वहिनींचा चेहराही. मग ढेंग्यांनी नळीत पेल्यातलं पाणी ओतलं, गुलाबी रंग गेला. "पाण्यानं रंग गेला म्हणजे भेसळ नाही. तुमची हळद निर्दोष आहे," असा निकाल देऊन ते पानावर येऊन बसले. त्यानंतर दोन दिवाळ्या आम्हांला आमंत्रण नव्हतं.

त्यांचा विषय होता लाखोळी. ही डाळ स्वस्त आणि चवीला बरी, पण महिनोन्‌महिने तीच खाल्ली तर माणसाचे पाय जातात. ढेंगे तिचा अर्क कोंबडीच्या पिल्लांना देत. देण्याआधी प्रत्येक पिल्लाला म्हणत, "नाराज नको होऊ गा." एकदा सरांनी हे ऐकलं आणि विचारलं, "हे पद्धतीत लिहिणार आहात का?" ढेंगे म्हणाले, "लिहितो सर. सगळ्या पिल्लांले सारखंच म्हणतो."

सगळं होत होतं, प्रबंध मात्र संपत नव्हता. पाच वर्षं झाली. कधी तराजूवर शंका, कधी तक्त्यातल्या एका आकड्यावर. शेवटचं प्रकरण लिहून झालं की दुसऱ्या दिवशी पहिलं उकरून काढत. मी चिडवायची, "ढेंगे, तुमच्या प्रबंधाचाच डोस जास्त झालाय." ते हसून म्हणायचे, "एक प्रयोग राहिला, ताई."

अखेर नोंदणीची मुदत संपत आली. सर मला म्हणाले, "याला गावाकडच्या लाखोळीचे शेवटचे नमुने हवे आहेत म्हणे. तू बरोबर जा. ते घेऊन या आणि याला सरळ टायपिस्टसमोर बसव." सकाळच्या एस.टी.नं आम्ही उमरेडला गेलो, तिथून चालत त्यांच्या गावाला.

घराच्या ओसरीवर एक माणूस बसला होता. आम्हांला पाहून त्यानं दोन काठ्या ओढून घेतल्या आणि उभा राहिला. टाचा जमिनीला टेकत नव्हत्या, गुडघे एकमेकांवर घासत होते. असे पाय मी पुस्तकातल्या फोटोंत पाहिले होते. "हे आमचे दादा," ढेंगे म्हणाले. पाच वर्षांत त्यांनी या भावाचा उल्लेखही केला नव्हता.

दादांनी ढेंग्यांना मला पाणी द्यायला लावलं, प्रवासाची चौकशी केली. मग धाकट्याकडे वळून विचारलं, "काय गा, दवाई भेटली का?"

"पाहून राहिलो, दादा," ढेंगे खाली बघत म्हणाले.

परतताना एस.टी.त ते आपणहून बोलले. "आईबाप गेले तवा मी पाच वर्षांचा. दादा दुसऱ्याच्या शेतावर सालदार राहिला. मजुरी लाखोळीत भेटे. थोडे तांदूळ येत, त्याचा भात मले. मले सांगे, मले लाखोळीच आवडते." मग म्हणाले, "गेलेले पाय परत येत नाहीत. हे मले पहिल्याच वर्षी समजलं. प्रबंध संपला तर त्याले काय सांगू, ताई?"

नागपूरला उतरताना मी म्हणाले, "डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकलं तर विष किती उतरतं, हे तुम्ही मोजलंय. ते टेबलाच्या खणात पडून कोणाचे पाय वाचणार?"

आठवडाभर ते माझ्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी टायपिस्टकडे जाऊन बसले. प्रबंध वेळेत गेला, तोंडी परीक्षा झाली, सर पेढे घेऊन आले. ढेंग्यांनी एक पेढा हातात घेतला, खिशात ठेवला आणि गावाला निघून गेले.

चार दिवसांनी आले. मी विचारलं, "दादांना सांगितलं?"

"सांगितलं. म्हणे, मले माहीत होतं गा. डॉक्टरनं कवाचंच सांगितलं होतं."

"मग दर वेळी दवाईचं कशाला विचारायचे?"

"मीबी तेच म्हटलं." ढेंगे पिल्लांच्या रिकाम्या पिंजऱ्याची कडी लावत होते. ती बराच वेळ लागेना. "म्हणे, तू येते आणि माह्या पायाकडे पाहून मुका बसते. काहीतरी बोलाले तर पायजे."

"मग? या वेळी काय बोललात?"

"सकाळी बसलो ते दिवे लागेपर्यंत बोलत होतो, ताई. बैलाचं, बांधावरल्या बोरीचं. मंग आईचं." त्यांनी कडी लावली. "मले आईचा चेहरा आठवत नाही. त्याले सगळी आठवते."